टोचणीच्या आधीची भाकर

लग्न होऊन मी वसमतच्या अलीकडच्या या गावात आले, तेव्हा माझी सगळ्यात जास्त तारीफ झाली ती भाकरीवरून. भाकर गोल यायची म्हणून नव्हे, गोल तर सगळ्यांचीच येते. मी ती हातानं उलटायची, हातानंच आरावर उभी करायची आणि फुगली की हातानंच काढून टोपल्यात टाकायची. उजव्या हाताची करंगळीकडची कड तव्याला टेकलेली असायची आणि मला पत्ता नसायचा. एकदा कातडी जळाल्याचा वास आला म्हणून सासूबाई ओसरीवरून धावत आल्या. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो.

"अगं ए सुभद्रे, हात जळून राहिला ना तुझा!"

"व्हय का?" मी म्हणाले आणि दुसरी भाकर थापायला घेतली.

झालं. आत्याबाईंनी ही गोष्ट गावभर केली. आडावर, जात्यावर, कुणाच्या बारशाला गेल्या तरी तेच. "आमची सून इस्तवाला भीत न्हाई बरं. न्हाईतर ह्या आजकालच्या पोरी, चटका बसला की माय माय करतेत." मी पंधरा वर्षांची होते. मला इतकी फुशारकी वाटायची की कुणी बघायला आलं तर मुद्दाम आर पुढं ओढून घ्यायची.

मला महारोग झाला होता. आता मी बरी आहे, दवाखान्याचा तसा कागद आहे माझ्याजवळ. आजार माझा एकटीचा असता तर मी लिहायला बसले नसते, पण त्याच्यापायी शेजारचं एक लेकरू गेलं आणि माझ्या लेकीचा डोळा गेला. ज्या बायांच्या अंगावर आज चट्टा निघाला असेल त्यांच्यासाठी हे आहे, आणि ज्या बाया लेकरू लपवून बसल्या असतील त्यांच्यासाठी जास्त आहे. अक्षर मी दवाखान्यात शिकले. वेडंवाकडं आहे, असू द्या.

*

माझी लेक चंद्री आठ महिन्यांची असताना, माघाच्या थंडीत देवी डॉक्टर आला. देवीची लस टोचत फिरणारा सरकारचा माणूस, त्याला आमच्याकडं देवी डॉक्टर म्हणतात. तो काही डॉक्टर नसतो. हा एक म्हातारा मुसलमान होता, पांढऱ्या दाढीचा, तट्टावर बसून गावोगाव जायचा. चावडीपुढं सतरंजी टाकून त्यानं स्पिरिटचा दिवा लावला, काचेच्या बारक्या नळ्या ओळीनं मांडल्या. पलीकडच्या दोन गावांत देवी आल्या होत्या, म्हणून लेकरांसंगं मोठ्यांनाही टोचायचा हुकूम होता.

एकही बाई पुढं होईना. सगळ्या पिंपळाच्या पाराआड गोळा होऊन कुजबुजत होत्या. टोचलं की देवी कोपते. हात वाळतो. गाईच्या फोडातला पू भरतेत म्हणे. कुणाकुणाचं रगत आपल्यात येतं आणि जन्माचा रोग लागतो. कुणी म्हणे दमा, कुणी म्हणे रगतपिती, म्हणजे महारोगच. पाटील ओरडून ओरडून थकले. मग आत्याबाईंनी मला पाठीत हात घालून पुढं केलं.

"आमच्या सुनंला टोचा आधी. ती न्हाई भीत."

डाव्या कडेवर चंद्री होती, म्हणून मी उजवा दंड पुढं केला. म्हाताऱ्यानं टोचायचं दातेरी चक्कर दिव्यावर धरलं, निवू दिलं आणि चार ठिकाणी फिरवलं. मी हसत उभी. "शाब्बास बेटी," तो म्हणाला, आणि बायांकडं बघून, "देखो, नक्को डरो." मला टोचलेलं बघून एकेक बाई पुढं आली. दुपारपर्यंत रांग लागली.

दोन लेकरं तेवढी राहिली. चंद्रीला खोकला होता, अंग कढत होतं. "इसको अगली बार. बुखार में नै टोचते," असं म्हणून त्यानं तिला परत पाठवलं. दुसरं माझ्या शेजारणीचं, काशीचं. तिचा नामा तीन दिवसांचा होता, ती खोलीत बाळंतीण.

मला तीन दिवस ताप आला, दंड टरारून सुजला, काखेत गाठ आली. मग खपल्या धरल्या, पडल्या. चार वण राहिले. बाकी काही झालं नाही.

*

श्रावणात हळदीत खुरपत होतो. काशी माझ्या शेजारच्या वाफ्यात होती. तिनं माझा हात धरला आणि उलटा केला.

"काय गं हे?"

कोपराच्या खाली रुपयाएवढा चट्टा. फिका, तांबूस, कडा उचललेल्या. मी म्हणाले, गजकर्ण असंल. आत्याबाईंनी कडुलिंब वाटून लावला, हळद लावली, गोमूत्रानं धुतलं. चट्टा दिवाळीपर्यंत तळहाताएवढा झाला. त्याच्यावर माशी बसली तरी मला कळायचं नाही. करंगळी आणि तिच्याजवळचं बोट सरळ होईना.

हात उजवा. टोचलेला पण उजवाच. आता गावाला आणखी काय पाहिजे? "टोचणीचं इख खाली उतरलं," असं आधी कोण म्हणालं मला माहीत नाही, पण आठ दिवसांत सगळं गाव म्हणू लागलं. ज्या बाया माझ्या मागं रांगेत उभ्या होत्या त्या रोज आपापले दंड उजेडात धरून बघायच्या. आत्याबाईंचं तर अन्नपाणी तुटलं. "मीच ढकललं गं पोरीला पुढं. माझ्या तोंडाला किडे पडो." मी त्यांची समजूत घालायची. माझाही त्याच्यावर विश्वास होता, तेव्हा तरी.

*

चंद्रीच्या बापानं गाडी जुंपली. वसमतला आगगाडी धरून आम्ही जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होता, आवाज हळू. त्यानं मला डोळे मिटायला सांगितले.

"कापूस लागला की बोट वर कर."

मी डोळे मिटून बसले. वाट बघत होते की हा कधी सुरू करतो. किती वेळ गेला, मी म्हणाले, "लावा की आता."

माझे डोळे मिटलेले होते, ह्यांचे उघडे होते. त्यांनी सगळं बघितलं. कापूस लावलेला, मग टाचणी, मग ऊन पाण्याची नळी. मी डोळे उघडले तर हे भिंतीकडं तोंड करून उभे होते.

डॉक्टरनं माझ्या तळहाताची कड बघितली. जुने पांढरे डाग होते तिथं, एकावर एक.

"हे कशाचे?"

आणि मी काय करावं? मी भाकरीची गोष्ट सांगायला लागले. अशी हौसेनं, जशी सगळ्यांना सांगायची तशी. जळाल्याचा वास आला, आत्याबाई धावल्या, मी म्हणाले व्हय का. सांगता सांगता मी हात पदराखाली घेतला.

"हे लग्नाच्या साली?"

"व्हय."

"आणि टोचलं कधी?"

"पुढं दोन वर्षांनी."

"मग बाई, हात तेव्हाच मेलेला होता. रोग टोचण्याच्या आधीचा आहे." त्यानं दोनदा सांगितलं. "टोचल्यानं ताप येतो, हात सुजतो, कधी कुणाची जखम चिघळते. ते खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण महारोग त्यानं येत नाही. तुझा लवकर सापडलाय, थांबवता येईल. तेलंगणाकडं एक दवाखाना आहे, तिथं चिठ्ठी देतो. आणि एवढं गावात सांग. नाहीतर लोक लेकरं टोचणार नाहीत."

लोक म्हणतील महारोग म्हटल्यावर बाई रडली असेल. रडले, पण आधी रडले ते त्या तारिफीसाठी. मी धीट नव्हतेच. माझा हात मेला होता आणि गाव टाळ्या वाजवत होतं.

*

परत येताना वसमतच्या ठेसनावर हे पहिल्यांदा बोलले.

"सुभे, गोदीचं लगीन माघात हाय."

गोदा माझी धाकटी बहीण. सोयरीक पक्की झाली होती.

"म्हाईतंय मला."

"लग्नाच्या आधीचा रोग म्हनलं की म्हायेरचा झाला. तुमच्या रगतातला. सोयरीक ऱ्हाईल का? सुईनं झालं म्हनतेत तर म्हनू दे. सुई थोडीच भांडाया येती?"

मी मान हलवली. बहिणीसाठी हलवली असं मी पुढं पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. ते अर्धं खरं. दुसरं अर्धं असं, की आमच्या भागात महारोग झालेल्या बाईला शेताच्या कडंला खोपटं घालून देतात आणि भाकर लांबून ठेवतात. मला तसं कुणी केलं नव्हतं. मी सुईनं बिघडलेली, बिचारी होते. आत्याबाई माझं डोकं मांडीवर घेऊन विंचरायच्या. ते मला सोडवत नव्हतं. खोटं काहून बोलू आता?

आत्याबाईंनाही आम्ही काही सांगितलं नाही. ते दोघांतच राहिलं.

*

पौषात देवी डॉक्टर परत आला. त्याचं तट्टू वेशीत दिसलं तशी गल्लीतली दारं लागली. कुणी लेकरू घेऊन कापसाच्या ढिगात बसलं, कुणी रानात पळालं. आत्याबाईंनी चंद्रीला रिकाम्या कणगीत उतरवलं, हातात गुळाचा खडा दिला आणि वर सूप झाकलं. मी तिथंच उभी होते. एक शब्द बोलले नाही.

काशी कुडावरून वाकली. नामा तिच्या काखेत, तिचं डोरलं तोंडात घालून चावत होता. दात येत होते त्याला.

"सुभे, पाटील म्हनतेत टोचून घ्या. माझी सासू न्हाई म्हनती. मला काही उमजंना. तू माझ्याशी खोटं बोलणार न्हाईस. ते तुझ्या हातावरचं सुईनंच आलं का?"

तिला दुसरं कुणी विचारायला नव्हतं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"व्हय," मी म्हणाले.

"मंग न्हाई टोचत बाई," ती म्हणाली आणि नामाला पदराखाली घेऊन गेली.

थोड्या वेळानं म्हातारा आमच्या दारात आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं. "बेटी, हात बताओ," तो म्हणाला. मी दाखवला. त्यानं चट्टा बघितला, वाकडं बोट बघितलं आणि मग माझ्या तोंडाकडं. त्यानं आयुष्यात असे हात पुष्कळ बघितले असतील. "ये मेरी सुई का काम नै," एवढंच तो हळू बोलला. मी पदर ओढून आत गेले. त्या वर्षी आमच्या गावातली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी लेकरं टोचली गेली, तीही कुलकर्ण्याची आणि पाटलाची.

*

माघात गोदाचं लग्न झालं. मी मांडवात गेले नाही, ताप आला म्हणून सांगितलं. फाल्गुनात मला तेलंगणाच्या दवाखान्यात पोचवलं. पूर्णेला गाडी बदलून दीड दिवसाची वाट. चंद्री दूध पीत होती अजून. तिला आत्याबाईंच्या पदराला अडकवून मी मागच्या दारानं निघाले. तो दिवस मी इथं लिहीत नाही.

दवाखाना म्हणजे माळावरचं एक गावच. बायांच्या खोल्या वेगळ्या, कुंपण, विहीर, भाजीचे वाफे. सकाळी घंटा, कांजी, मग आपापलं काम. आठवड्यातून एकदा तेलाची सुई. कडू कवठाचं तेल, घट्ट, पिवळं. ते हातात, मांडीत भरायचे. चट्ट्याच्या जागी काही कळायचं नाही, पण बाकीच्या अंगात अशी तकलीफ व्हायची की दोन दिवस कूस बदलता यायची नाही. सुई म्हटलं की मला हसू यायचं. एका सुईवर खोटा आळ घेतला होता, आता दुसरी सुई तो वसूल करत होती.

माझ्या खाटेशेजारी नरसम्मा. तिची दहाही बोटं झडलेली. तिला मराठी येत नव्हती, मला तेलंगी. तिनं पहिल्याच संध्याकाळी माझे दोन्ही हात आपल्या थोटक्या हातांनी धरले आणि उजेडाकडं फिरवले, एकेक बोट, आतून, बाहेरून. मला वाटलं भविष्य बघते. नंतर कळलं, तिथं रोज संध्याकाळी प्रत्येकीनं शेजारणीचे हात बघायचे असतात. कुठं भाजलं, कापलं, काटा घुसला ते आपल्याला कळत नाही, म्हणून दुसरीनं बघायचं. बोटं रोगानं झडत नाहीत, न कळलेल्या जखमांनी झडतात, हे मला तिथं कळलं.

चुलीवरचं काम मला पहिल्या महिन्यात दिलंच नाही. मग दिलं ते लाकडी चिमटा हातात देऊन. तव्याकडं हात गेला की नरसम्मा थोटक्या हातानं माझ्या मनगटावर फटका मारायची. विस्तवाला भ्यायला मी तिथं शिकले. घरून चिठ्ठी नाही, तार नाही, लेकरू डोळ्यांपुढून हलत नाही, आणि इथं ही म्हातारी रोज माझे हात बघते. त्या एका गोष्टीवर मी दिवस काढले.

*

वैशाखात चंद्रीचे बाप आले. भेटणाऱ्यांनी कुंपणापलीकडं उभं राहायचं असा कायदा होता. त्यांची टोपी हातात होती आणि दाढी वाढलेली होती. मी लांबूनच ओरडले, "चंद्री?"

"हाय. हाय ती."

मग त्यांनी खाली बसून घेतलं.

"गावात देवी आल्या व्हत्या, सुभे. चैताच्या अखेरीला. चंद्रीला लई आल्या. मायनं दाराला लिंब बांधला, फोडणी बंद केली, सगळं केलं. जगली." त्यांनी टोपीनं तोंड पुसलं. "डावा डोळा गेला. फूल पडलं."

मी कुंपणाची तार धरली होती. उजव्या हातानं. काटा घुसला ते संध्याकाळी नरसम्मानं जखम दाखवली तेव्हा कळलं.

"आणि कुणाला?"

त्यांनी टोपी घडी करून मांडीवर ठेवली.

"नामा?"

त्यांनी मान हलवली. "चवथ्या दिवशी गेला."

सुई थोडीच भांडाया येती, असं म्हणणारा माणूस कुंपणापलीकडं गुडघ्यात डोकं घालून रडत होता आणि मला त्याला शिवतासुद्धा येत नव्हतं. मला राग आला त्याचा. मग कळलं की काशीनं त्याला नव्हतं विचारलं. तिनं मला विचारलं होतं.

त्या रात्रीपासून मला झोप लागेना. सुईच्या दिवशी मी मुद्दाम सगळ्यांच्या आधी जाऊन बसायची. दुखलं की बरं वाटायचं. हे बरोबर नव्हतं, पण होतं तसं लिहिते.

*

तीन वर्षांनी कागद मिळाला, की रोग थांबलेला आहे, हिच्यापासून कुणाला धोका नाही. दोन बोटं वाकडी राहिली ती राहिली.

गावात उतरले तेव्हा चंद्री पाच वर्षांची. तिनं मला ओळखलं नाही. दारात उभी राहून मान डावीकडं वळवून बघत होती. मला वाटलं लाजते. ती मला उजव्या डोळ्यात घेत होती. आत्याबाईंनी माझा तांब्या वेगळा ठेवला होता, ताट वेगळं. पण कपाळाला हळदीकुंकू लावलं. काशी आडावर भेटली. तिच्या पोटात पुन्हा होतं. मी थांबले. ती मला बघून थांबली नाही.

पुढच्या हिवाळ्यात तट्टू पुन्हा वेशीत दिसलं. म्हातारा आणखी वाकला होता. चावडीपुढं सतरंजी, दिवा, नळ्या, आणि बाया पुन्हा पाराआड. इतकी लेकरं गेली तरी पाराआड. "त्या सुभद्रीचा हात बघितला न्हाई का?" हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

सकाळीच मी ह्यांना म्हणाले होते, "आज मी बोलणार."

"गोदीचा इचार कर."

"केलाय. चार साल तेच करून राहिले."

ते आडवे आले नाहीत, ही त्यांची मोठी गोष्ट.

मी पाराजवळ गेले आणि बाही वर केली. "माझा रोग सुईचा न्हाई," मी म्हणाले. "सुईच्या आधीचा हाय. डाक्टरनं मला तवाच सांगितलं व्हतं. मी लपविलं."

आधी कुणाला कळलं नाही. मग एक म्हातारी म्हणाली, "सरकारनं पढवून धाडलंय हिला." दुसरी म्हणाली, "तीन साल फुकट खाऊ घातलं, आता त्यांचं गुण गायला नको?" सगळ्या हसल्या. काशी मागं उभी होती, दोन महिन्यांची पोर पदरात. ती हसली नाही.

"आधीचा कशावरून?" तिनं विचारलं. चार वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली.

"भाकरीवरून," मी म्हणाले. "हात जळायचा आणि मला कळायचं न्हाई. तुमी सगळ्या बघाया यायच्या."

"ते तर तू धीट व्हतीस," कुणीतरी म्हणालं.

"धीट न्हवते. हात मेला व्हता."

तरी कुणी हलेना. तेव्हा आत्याबाई उठल्या. त्यांना हे सगळं आत्ताच कळत होतं. त्या चंद्रीचा हात धरून पाराच्या टोकाला बसल्या होत्या. उठताना गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आणि मला वाटलं आता ह्या माझ्या थोबाडीत मारणार.

"खरंय," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या सालची गोष्ट हाय. चंद्री पोटात बी न्हवती. हात जळल्याचा वास मला आला, हिला न्हाई आला. मी गावभर नाचत सांगितलं. तुमी बी ऐकलं. ए धुरपे, तुझ्या नातवाच्या बारशाला सांगितलं का न्हाई मी?"

धुरपा म्हणाली, "सांगितलं."

"तवा टोचणारा आला व्हता का गावात?"

"न्हवता."

"मंग?" आत्याबाई एवढंच बोलल्या आणि खाली बसल्या. चंद्रीला त्यांनी मांडीवर ओढून घेतलं, तिच्या गेलेल्या डोळ्यावर हात ठेवला आणि तोंड पदरात घातलं. कणगी त्यांनी झाकली होती.

काशी पुढं आली. माझ्या अगदी समोर थांबली. तिच्या डोळ्यांत मी काय बघितलं ते मला सांगता येत नाही, आणि मी खाली बघितलं. ती मला वळसा घालून सतरंजीपाशी गेली आणि पोरीचा हात कुंचीतून बाहेर काढून म्हाताऱ्यापुढं धरला. पोर किंचाळली. मग बाकीच्या गेल्या, सगळ्या नाही, पण गेल्या.

*

गोष्ट गोदाच्या सासरी पोचायला आठवडा लागला. त्यांनी तिला दोन लेकरांसकट माहेरी आणून सोडलं. पावसाळाभर ती तिथं होती. मग घेऊन गेले, पण ती माझ्याशी बोलत नाही. तिचं बरोबर आहे. काशीही बोलत नाही. पण पाणी भरताना तिची लेक माझ्याकडं धावत आली तर ती तिला मागं ओढत नाही. माझे हात रोज संध्याकाळी आता चंद्री बघते. नरसम्मानं शिकवलं तसं मी तिला शिकवलं. एक डोळा जवळ आणून ती एकेक बोट फिरवते.

चंद्री नऊ वर्षांची झाली. परवा हात बघता बघता तिनं माझ्या दंडावरचे टोचणीचे चार वण मोजले. मग आपला दंड बघितला. तिचा कोरा आहे.

"माय, काशीमावशीच्या पोरीला टोचलं तवा तू सगळ्यांपुढं बोललीस म्हणं. आजी सांगत व्हती."

"व्हय."

"माझ्या वक्ताला काहून न्हाई बोललीस?"

सगळं गाव ज्या बाईला धीट म्हणत होतं, ती मी.

"भ्याले गं," मी म्हणाले.

तिनं माझा हात सोडला नाही. करंगळी राहिली होती बघायची, ती उजेडाकडं फिरवली.